मोरस: साखरेच्या डब्यातलं बेट

प्रश्न असा आहे: "आमची आजी साखरेला साखर म्हणायची नाही. 'चहात मोरस घाल' म्हणायची. 'मधुर रस' झिजून 'मोरस' झालं असेल का? मोरंबा, मोरावळा यांतला 'मोर' तोच का?"

दोन्हींचं उत्तर नाही. मोरंब्यातला 'मोर' अरबी मुरब्ब्याचा आहे, आणि मोरावळा त्याच मुरब्ब्याच्या वळणावर गेलेला. 'मोरस' स्वयंपाकघरात जन्मलेला शब्दच नव्हे, तो गोदीतून आला. मोरस म्हणजे मॉरिशस.

'मधुर रस' ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण रस असता तर तो काकवीला किंवा गुळाला लागला असता. तसं कुणी म्हणत नाही. मोरस म्हणजे पांढरी, दाणेदार साखर, दुसरं काही नाही. मूळ प्रयोग 'मोरस साखर' असा जोडीचा. पुढे साखर गळाली आणि विशेषणच नाम होऊन बसलं. मालाला बंदराचं किंवा देशाचं नाव चिकटणं आपल्याला नवं नाही. मोसंबीत मोझांबिक आहे. हिंदीतली चीनी चीनची आणि मिश्री मिसरची, म्हणजे इजिप्तची. (मिश्री मागताना जरा जपून. आपल्याकडच्या जुन्या बायका खडीसाखरेऐवजी भाजलेल्या तंबाखूची पूड हातावर ठेवतील.) गंमत अशी की खुद्द 'साखर' मात्र इथलीच. शर्करा, सक्करा, साखर असा तिचा घरगुती प्रवास, आणि फारसीतली शकर, अरबीतली सुक्कर या तिच्याच परदेशी नांदणाऱ्या बहिणी.

आता उच्चार. 'मॉरिशस'चा 'मोरस' व्हायला मधला 'श' कुठे गेला? माझ्या मते तो कधी नव्हताच. १५९८ मध्ये डचांनी या बेटाला आपल्या मॉरिस राजपुत्राचं नाव दिलं. फ्रेंचांच्या तोंडी ते 'मोरीस', तिथल्या फ्रेंचवरून घडलेल्या क्रिओल बोलीत आजही 'मोरिस'. बिहारकडून गेलेले भोजपुरी मजूर 'मिरिच देस' म्हणत. म्हणजे बेटावर राहणाऱ्या आणि तिथे ये-जा करणाऱ्या कुणाच्याच तोंडात 'श' नव्हता, तो इंग्रजी कागदावर होता. पोर्ट लुईच्या बाजारात गुजराती व्यापाऱ्यांचा जम चांगला होता आणि गुजरातीतही साखरेला 'मोरस' म्हणतात. तेव्हा शब्द क्रिओल-फ्रेंच उच्चारातून गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर आणि तिथून मुंबईच्या वाण्याकडे आला, असा माझा कयास आहे.

पण हेच बेट का? ऊस तर आपल्याकडे होताच, मॉरिशसमध्ये तो १६३९ मध्ये डचांनी जावाहून नेऊन लावला. उत्तर जकातीत आहे. इंग्रजांनी १८१० मध्ये बेट फ्रेंचांकडून घेतलं. तेव्हा ब्रिटनमध्ये वेस्ट इंडीजच्या साखरेला जकातीची सवलत होती, बाकीच्यांना जास्त दर. १८२५ मध्ये मॉरिशसला वेस्ट इंडीजच्या पंगतीला बसवलं आणि बेटावर जिकडे तिकडे ऊस झाला. बंगालच्या साखरेला मात्र हंड्रेडवेटमागे (सुमारे ५१ किलोंमागे) ३२ शिलिंग आणि वेस्ट इंडीजच्या साखरेला २४, हा पंक्तिभेद १८३६ पर्यंत चालला. तो मिटला तोही अटीवर: ज्या मुलखात परकी साखर आणायला बंदी असेल, तिथल्याच साखरेला कमी दर. नाहीतर जावाची साखर बंगालची म्हणून विलायतेत खपायची! साखरेचं जन्मगाव तेव्हापासूनच सरकारी भांडणाचा विषय होता.

१८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी संपली, पण त्याच्या आदल्या वर्षीच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जायला लागले होते. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली, त्यांत मुंबई इलाख्यातले, कोकणातले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज तिथे आजही मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. माणसं मुंबई बंदरातून तिकडे आणि साखर त्याच बंदरात इकडे. व्यवहार इतका वाढला की १८७०च्या दशकात बेटाने चलनही रुपयाच केलं. रुपया गेला, मोरस आली. शब्द रुळायला आणखी काय लागतं?

खरी मौज शतकाच्या शेवटी झाली. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी आपल्या बीटच्या साखरेला निर्यातीवर सरकारी बक्षिसी देत, म्हणून ती बाहेर कमालीची स्वस्त पडे. १८९७ मध्ये अमेरिकेने त्या बक्षिसीइतकी जादा जकात बसवली. तिकडून अडलेला माल हिंदुस्थानकडे वळला आणि मॉरिशसचे मळेवाले हवालदिल झाले, कारण त्यांचं मोठं गिऱ्हाईक आपण. लंडनमध्ये वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेनना या प्रश्नात रस होताच, वेस्ट इंडीजचे मळेही त्याच बीटने बुडत होते. १८९९ मध्ये व्हाइसरॉय कर्झनच्या सरकारने कायदा करून बक्षिसीच्या साखरेवर तेवढीच जादा जकात लावली. ब्रिटनमधला चहा पिणारा स्वस्त बीटची साखर बिनजकात खात राहिला, आणि इथल्या ऊसवाल्याच्या नावाने, पण बऱ्याच अंशी मॉरिशससाठी, जकातीची भिंत मुंबई-कलकत्त्याला उभी राहिली. ही माझ्या मते निव्वळ चलाखी होती.

पुढे ५ मार्च १९०२ रोजी ब्रुसेल्समध्ये करार झाला. बक्षिसी बंद करायची, देणाऱ्याच्या साखरेवर जादा जकात लावायची किंवा ती अडवायची, आणि कोण देतो ते ठरवायला कायमचं मंडळ. तो १ सप्टेंबर १९०३ पासून लागू झाला. रशिया बाहेर राहिला आणि आपल्यावर असा दंड लावणं हा व्यापारी तहाचा भंग आहे म्हणून भांडत बसला, अखेर काही वर्षांनी करारात आला. ब्रिटन १९१३ मध्ये बाहेर पडलं. मॉरिशसला याचा फायदा फार दिवस पुरला नाही, कारण डचांच्या जावाने बक्षिसी न घेताच स्वस्त साखर पाठवून हिंदुस्थानची बाजारपेठ व्यापली.

आता शब्दाकडे बघा. कलकत्त्याला कायदा झाला, ब्रुसेल्सला नऊ देशांचे वकील बसले, सगळा खटाटोप एकाच गोष्टीचा: ही साखर कुठली? आणि आपल्या बाजाराने तोच प्रश्न पुसून टाकला. पांढरी दाणेदार ती मोरस, मग ती जर्मन बीटची असो की जावाच्या उसाची. स्वदेशीच्या दिवसांत परदेशी साखर हाडांनी शुद्ध करतात म्हणून ती नैवेद्याला वर्ज्य ठरली. (युरोपात हाडांचा कोळसा वापरत, हे खरंच आहे.) ज्याला सोवळं पाळायचं त्याला 'देशी' आणि 'मोरस' एवढा भेद पुरे होता. त्यामुळे 'मोरस'चा एक अर्थ 'देशी नव्हे ती' असाही लावता येतो.

तोही टिकला नाही. १९३२ मध्ये देशी कारखान्यांना संरक्षण मिळालं, आयात आटली आणि इथल्याच साखरेला लोक मोरस म्हणत राहिले. म्हणून जुन्या जमाखर्चात 'मोरस' दिसली की साल बघा. १८८० ची नोंद असेल तर मॉरिशस धरायला हरकत नाही, १९२५ ची असेल तर बहुधा जावा. आणि तुमच्या आजींच्या चहातली मोरस, तुम्हाला ती आठवते त्या अर्थी, प्रवरेकाठच्या एखाद्या सहकारी कारखान्यातली असण्याचा संभव जास्त.