ईएससी गेला म्हणतात, पण गेलाय का खरंच?

प्रश्न : काका, आम्ही चौघांनी मिळून सनपॅक शीटचं (पोकळ प्लास्टिकच्या पत्र्याचं) रिमोटवरचं प्लेन बनवलंय, १००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे) ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), तीन सेलची २२०० एमएएचची लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी (मित्राकडून घेतलेली, जुनी). बॅटरी लावली की सर्व्हो (शेपटी-पंखांचे पट्टे हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मस्त हलतात पण मोटर नुसती टीटटीटटीटटीट करत बसते. थ्रॉटलचं (मोटरच्या वेगाच्या स्टिकचं) ट्रिम, म्हणजे बाजूचं बारीक अ‍ॅडजस्टमेंटचं बटण, पूर्ण खाली केल्यावर चालली, पण स्टिक अर्ध्यावर येईपर्यंत काहीच नाही आणि मग एकदम सुटते. आणि ग्राउंडवर फुल थ्रॉटल दिलं की दोन-तीन सेकंदात बंद, स्टिक खाली आणून परत दिली की परत चालते. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात दाखवलं तर म्हणे ईएससी गेलाय, नवीन घ्या. घेऊ का? (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, कांजूरमार्ग)

उत्तर : नको घेऊस. गेलेला ईएससी स्टिक खाली आणल्यावर परत चालत नाही रे.

आधी प्रॉप (पुढचा पंखा) काढ. आत्ता, हे वाचता वाचता. मी एकदा किचनच्या ओट्यावर "फक्त एकदा बघतो" म्हणून प्रॉपसकट चालवलं होतं, उजव्या अंगठ्यावर अजून व्रण आहे आणि घरात तो विषय निघाला की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो.

आता बघ, सर्व्हो चालतात म्हणजे सगळं ठीक असं मुलं धरून चालतात. तसं नसतं. ईएससीच्या पोटात बीईसी नावाचं छोटं सर्किट असतं, ते बॅटरीचे अकरा-बारा व्होल्ट ५ वर आणून रिसीव्हरला आणि सर्व्होंना देतं, म्हणजे सर्व्हो हलले याचा अर्थ एवढाच की ५ व्होल्ट येतायत आणि रिसीव्हर रिमोटशी बांधलेला आहे. मोटर फिरवायचा भाग वेगळा, आणि तो तुझ्याशी बोलतोय, तू ऐकत नाहीयेस. बऱ्याच ईएससीमध्ये भराभर टीटटीट म्हणजे "स्टिक शून्यावर नाही". सेकंदासेकंदाने टीट-टीट असेल तर बॅटरीचं व्होल्टेज चुकलंय, आणि दोन-दोन सेकंदांनी एकेक टीट आलं तर थ्रॉटलचा सिग्नलच पोचत नाहीये, मग वायर उलटी लागलीय का किंवा दुसऱ्याच चॅनलला लागलीय का ते बघायचं. तुझं पहिलं प्रकरण आहे. रिसीव्हर साधारण १००० ते २००० मायक्रोसेकंदांचा पल्स पाठवतो, ट्रिम वर असलं की खालचं टोक हजाराऐवजी थोडं वर राहतं आणि ईएससी आर्म व्हायला, म्हणजे मोटर फिरवायला तयार व्हायला, नकार देतो. बरंच करतो, नाहीतर बॅटरी लावतानाच हातात पंखा फिरला असता. ट्रिम खाली केल्यावर चालली म्हणतोस ना, झालं, निदान तूच केलंस.

अर्ध्यापर्यंत काही नाही आणि मग एकदम, हे कॅलिब्रेशन. ईएससीने तुझ्या रिमोटचं शून्य आणि फुल चुकीचं लक्षात ठेवलंय. रिमोटवर थ्रॉटलचे एंड पॉइंट (स्टिकच्या दोन टोकांच्या हद्दी) दोन्हीकडे १०० टक्के कर, ट्रिम मध्यावर आण. रिमोट चालू करून स्टिक पूर्ण वर (काही रिमोट स्टिक वर असताना सुरूच होत नाहीत, म्हणून आधी चालू कर मग वर ने), मग बॅटरी लाव. दोनेक सेकंदांनी टीट-टीट येईल, आलं की लगेच स्टिक खाली. मग सेल मोजून तीन टीट आणि एक लांब टीऽऽट. त्या "लगेच"मध्येच सगळे फसतात बरं का, कारण स्टिक वरच धरून ठेवली की पाचेक सेकंदांनी ईएससी प्रोग्रामिंग मोडमध्ये जातो, आणि मग तू काय होतंय बघायला स्टिक खालीवर करतोस आणि नकळत ब्रेक किंवा बॅटरी कटऑफ (किती व्होल्टला मोटर बंद करायची ते) बदलून बसतोस. माझा अंदाज, तुझंही तसंच काहीतरी झालंय. प्रोग्रामिंगमध्ये फॅक्टरी सेटिंगचा पर्याय असतो, ते एकदा करून घे आणि मग कॅलिब्रेट कर.

आता बंद पडण्याचं. इथे माझा संशय सरळ मित्राच्या बॅटरीवर. फुल चार्ज तीन सेल म्हणजे १२.६ व्होल्ट, पण म्हातारी लिपो लोड आला की मान टाकते, व्होल्टेज नऊच्या आसपास आलं की ईएससी मोटरचा करंट तोडतो, लोड गेला की व्होल्टेज परत वर येतं, म्हणून स्टिक खाली आणून दिली की परत चालते. घरी प्रॉप नसताना हे दिसणारच नाही, मोटर रिकामी फिरते तेव्हा करंट किरकोळ असतो. तेव्हा एवढी एकच टेस्ट प्रॉप लावून करायची. एकाने प्लेन मागून घट्ट धरायचं, प्रॉपच्या समोर किंवा बाजूला कोणी नाही, बॅटरीच्या बॅलन्स वायरला (पातळ वायरींच्या पांढऱ्या प्लगला) सेल चेकर, म्हणजे एकेका सेलचं व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर, आणि फुल थ्रॉटल. दोन सेल ठीक आणि एक धाडकन खाली गेलेला दिसला तर कळलं. बॅटरी फुगली असेल तर टेस्टही नको, मित्राला परतही नको देऊस.

तिन्ही सेल सरळ निघाले तर कनेक्टर बघ. आपल्याकडे खारी हवा, पावसाळाभर बॅग लॉफ्टवर पडलेली, बुलेट कनेक्टरवर (वायरी जोडायच्या गोल पिनांवर) हिरवट थर येतो. मोटरच्या तीन वायरींपैकी एखादीचा सोल्डर सुटला असेल तर मात्र मोटर बंद न पडता जागच्या जागी थरथरते, तुझं ते नाही. ईएससी तापून बंद पडतो हेही खरं, पण दोन सेकंदात नाही तापत.

प्रश्न : सर, मुलाच्या प्लेनची टेस्ट घेताना रिमोट चुकून बंद झाला आणि मोटर चालूच राहिली, घाबरलोच. असं का? आणि जुहू बीचवर उडवलेलं चालेल का? (एक पालक, माहीम)

उत्तर : फेलसेफ सेट नाहीये. सिग्नल तुटला की काय करायचं हे रिसीव्हरला सांगावं लागतं, नाहीतर काही रिसीव्हर शेवटचा थ्रॉटल तसाच धरून ठेवतात. रिमोटच्या मेनूत थ्रॉटलचं फेलसेफ शून्यावर ठेवा, आणि प्रॉप काढून, मोटर हळू चालू असताना रिमोट मुद्दाम बंद करून बघा. थांबायलाच हवी. एरवी चालू करताना आधी रिमोट मग बॅटरी, बंद करताना आधी बॅटरी मग रिमोट, हे मुलाकडून चार वेळा म्हणून घ्या.

जुहूला नाही. १९३२ साली कराचीहून निघालेलं टाटांचं टपालाचं विमान उतरलं तो जुहूचा विमानतळ बीचच्या पाठीलाच आहे आणि तिथून हेलिकॉप्टरं आजही उडतात. शिवाय मुंबई पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघतात, त्यात ड्रोनबरोबर रिमोटवरची मायक्रोलाइट विमानंही असतात, म्हणून कुठेही जाण्याआधी जवळच्या पोलीस स्टेशनला विचारा. तोपर्यंत फेलसेफची टेस्ट घरातच, बिनप्रॉपची.