अमेरिकेत निर्वासित म्हणून आलेला माणूस तिथे नगरसेवक होऊ शकतो का? त्याला किती वर्षं लागतात?

होऊ शकतो. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष ही पदं जन्मजात नागरिकांपुरतीच आहेत. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहासाठी नागरिक होऊन 7 वर्षं झालेली असावी लागतात, सिनेटसाठी 9. शहराच्या निवडणुकीला मात्र बहुतेक ठिकाणी तिथला नोंदणीकृत मतदार असणं आणि ठरावीक काळ तिथे राहिलेलं असणं एवढं पुरतं. लायबेरियातून 1994 मध्ये आलेले विल्मट कॉलिन्स 2017 मध्ये माँटाना राज्यातल्या हेलेनाचे महापौर म्हणून निवडून आले.

माझ्या मते जास्त शिकवणारं उदाहरण भूतानच्या ल्होत्साम्पांचं आहे. नेपाळी बोलणाऱ्या या लोकांना 1990 नंतर दक्षिण भूतानमधून हुसकावलं गेलं. भारतातून, मेची नदी ओलांडून, ते नेपाळात पोचले आणि झापा-मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत लाखभर माणसं दीड-दोन दशकं अडकून पडली. 2008 पासून त्यांतले बहुतेक अमेरिकेत आले. नोव्हेंबर 2019 मध्ये त्यांच्यातले भुवन प्याकुरेल ओहायो राज्यात, कोलंबसला लागून असलेल्या रेनॉल्ड्सबर्गच्या नगरपरिषदेवर निवडून गेले.

आता वर्षांचा हिशेब. निर्वासिताला काम करायची मुभा आल्यापासूनच असते. एक वर्षाने ग्रीन कार्डासाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, आय-485 अर्ज करायचा. मिळालेल्या कार्डावर तारीख पडते ती अमेरिकेत उतरल्याची, त्यामुळे नागरिकत्वाची 5 वर्षं उतरल्या दिवसापासूनच मोजली जातात. ती पूर्ण व्हायच्या 90 दिवस आधी नागरिकत्वाचा एन-400 अर्ज देता येतो. पुढे मुलाखत, इंग्रजी आणि नागरिकशास्त्राची परीक्षा. ऑक्टोबर 2025 च्या नव्या परीक्षेत 128 प्रश्नांतून 20 विचारतात, 12 बरोबर यावे लागतात. म्हणजे सगळं सुरळीत गेलं तर सहाएक वर्षांत माणूस मतदार होतो.

पण सुरळीत जात नाही, आणि अडतं ते बहुधा कागदावर. छावणीत नावाचं स्पेलिंग एक, प्रवासाच्या कागदावर दुसरं. जन्मतारीख माहीत नसलेल्या कितीतरी जणांची 1 जानेवारी लागलेली. हे पहिल्या वर्षीच दुरुस्त करून घ्यावं, नंतर प्रत्येक अर्जात तीच चूक वर येते. 18 ते 25 वयाच्या मुलग्यांची सैन्यभरतीच्या यादीत नोंद राहून जाते आणि नागरिकत्वाच्या मुलाखतीत त्याचा जाब द्यावा लागतो. सलग 6 महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं तर नागरिकत्वासाठी लागणारा सलग मुक्काम खंडित झाल्याचा प्रश्न निघतो.

सगळ्यात घातक चूक होते ती गाडीचा परवाना काढताना. त्याच खिडकीवर मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे येतो आणि भाषा न कळलेला माणूस ‘मी नागरिक आहे’ या चौकटीत खूण करतो. नागरिक असल्याचा खोटा दावा आणि त्यावर केलेलं मतदान, दोन्हीमुळे हद्दपारीची वेळ येऊ शकते. हे मी मुद्दाम ठासून सांगतोय. 2025 मध्ये काही भूतानी निर्वासितांना जुन्या शिक्षांवरून भूतानला परत धाडलं गेलं आणि भूतानने त्यांना पुन्हा सीमेपार केलं. ग्रीन कार्ड म्हणजे पक्कं छप्पर नव्हे. पुढारी व्हायचं असेल त्याने आधी आपल्या लोकांना नागरिकत्वाच्या वर्गात बसवावं. मतदारही तिथेच घडतात.

मधली वर्षं वाट बघण्यात घालवायची नसतात. दवाखान्यात दुभाषाचं काम, शाळेतल्या पालकसभा, मग समाजाची नोंदणीकृत संस्था. वर्षाला 50,000 डॉलरच्या आत जमा असेल तर करमाफीचा छोटा अर्ज (1023-ईझेड) चालतो, फी 275 डॉलर. त्यानंतर दर वर्षी 990-एन हे ऑनलाइन पत्रक भरायचं. पदाधिकारी बदलतात, पासवर्ड जुन्या खजिनदाराकडे राहतो, आणि लागोपाठ 3 वर्षं पत्रक चुकलं की करमाफी आपोआप रद्द होते. शिवाय अशा संस्थेला कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, स्वतःच्या अध्यक्षाचासुद्धा. संस्थेचं सभागृह, ईमेलची यादी, दशैंचा (नेपाळी दसऱ्याचा) कार्यक्रम यांपासून उमेदवारी चार हात लांब ठेवावी.

उमेदवारी अर्जावर मतदारांच्या सह्या लागतात. संख्या शहरागणिक वेगळी, पण लागतात त्याच्या दीडपट तरी गोळा कराव्यात. घर बदललं आणि मतदार यादीत जुनाच पत्ता राहिला की ती सही बाद. ओहायोत सह्या गोळा करणाऱ्याने कागदाच्या शेवटी एकूण आकडा लिहायचा असतो. तो प्रत्यक्ष सह्यांपेक्षा कमी भरला तर तो अख्खा कागदच बाद होतो. पैसे नागरिकांकडूनच घ्यावेत. ग्रीन कार्डही नसलेल्या माणसाकडून एक डॉलर घेणंसुद्धा बेकायदा आहे, मग तो सख्खा मामा का असेना.

ओहायोत शहराच्या निवडणुका विषम वर्षी होतात, मतदान कमी होतं, त्यामुळे थोडी घरं नेटाने फिरलं तरी फरक पडतो. नोंदणी मतदानाच्या 30 दिवस आधी बंद होते. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांना मतदान करताना आपल्या पसंतीचा मदतनीस सोबत नेता येतो. नोकरीतला मालक किंवा आपल्या युनियनचा माणूस मात्र चालत नाही. छावणीत म्हातारे झालेल्या आजी-आजोबांना हे कुणी सांगितलेलं नसतं. दारात गेल्यावर पत्रक नंतर द्यावं, आधी त्यांना सांगावं की नातवाला बरोबर घेऊन या.