घरात ढेकूण नाहीत, डास नाहीत, तरी रोज रात्री मलाच कोण चावतंय?

तुम्ही लिहिलंय की गादी उलटून पाहिली, पेस्ट कंट्रोल करून झालं, नवऱ्याला काहीच होत नाही, आणि आता घरातले म्हणतात, "तुझ्या मनाचे खेळ आहेत." शेवटी तुम्हीच विचारलंय, खरंच तसं असेल का? त्या एका प्रश्नासाठी मी लिहायला बसले. नाही. घर नीट धुंडाळून झाल्याशिवाय हे वाक्य कुणाचंही ऐकून घेऊ नका.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे ठाण्याला आली. पाचवा मजला, तिला वेगळी खोली, डोक्यावर एसी. गणपती झाल्यावर तिच्या मानेवर आणि डाव्या खांद्यावर गांधी उठायला लागल्या. रात्रभर खाजवायची, सकाळी खोबरेल लावून गप्प बसायची. पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली होती, "अगं, खुराड्यात हात घालून आल्यासारखं वाटतंय." गुहागरकडे तिचं अर्ध आयुष्य कोंबड्या सांभाळण्यात गेलं. मी तिलाच बोलले, "आई, पाचव्या मजल्यावर कोंबड्या कुठून येणार?" हे वाक्य मला अजून टोचतं.

दादा पुण्याला असतो. त्याचं फोनवर ठरून गेलं होतं की बाबा गेल्यापासून आईला करमत नाही, म्हणून हे सगळं. आधी पित्ताच्या गोळ्या झाल्या. मग आमच्या डॉक्टरांनी खरूज म्हणून मानेपासून तळपायापर्यंत लावायचं मलम दिलं. आम्ही घरातल्या सगळ्यांनी लावलं, आठ दिवसांनी परत लावलं. फरक शून्य. मग आईने काय केलं, तर बामच्या रिकाम्या डबीत चादरीवरचे बारीक काळपट कण गोळा केले आणि डॉक्टरांसमोर ठेवले. त्यांनी डबी उघडलीसुद्धा नाही. दादाला बाजूला घेऊन म्हणाले, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. नंतर मला कळलं, की असं डबीत भरून आणणं याला त्वचारोगाच्या शास्त्रात 'मॅचबॉक्स साइन' असं नावच आहे, आणि ते भ्रमाचं लक्षण धरतात. म्हणजे ज्या बाईने शहाण्यासारखा पुरावा गोळा केला, तिचा पुरावाच तिच्या विरोधात गेला. डबी उघडून भिंगातून बघायला दोन मिनिटं लागली असती.

दिवाळीच्या आदल्या रविवारी मी तिच्या खोलीची खिडकी पुसत होते. पांढऱ्या चौकटीवर खसखशीपेक्षा बारीक ठिपके होते. फडकं फिरवणार, तोच एक ठिपका चालायला लागला. मग दुसरा. ओल्या बोटाने एक चिरडला, तर कुंकवासारखी लाल रेघ उमटली. ते रक्त होतं, आणि ते माझ्या आईचं असणार हे मला त्या क्षणी कळलं.

ठिपक्यांची रांग एसीच्या पाइपाच्या भोकातून येत होती. भोक बुजवलेली पुटी केव्हाच गळून पडली होती. बाहेर एसीच्या युनिटमागे कबुतराचं घरटं. आईने ते ऑगस्टमध्येच पाहिलं होतं, आणि पिल्लं उडेपर्यंत हात लावू नकोस म्हणून मला बजावलं होतं. पिल्लं दसऱ्याआधी उडाली आणि तिथेच खरा त्रास वाढला. कारण हे माइट पक्ष्याच्या रक्तावर जगतात. गोचिडीच्या जातकुळीतला हा जीव, आठ पायांचा. पिल्लं असेपर्यंत तो बहुतेक घरट्यातच असतो. घरटं रिकामं झालं की भुकेने बाहेर पडतो आणि सगळ्यात जवळचं ऊबदार अंग गाठतो. आईची उशी भोकापासून दोन हातांवर होती. मी आणि माझी मुलगी पलीकडच्या खोलीत, म्हणून आम्हाला काही नाही. आई म्हणत होती तसं ते खुराडंच होतं, फक्त भिंतीच्या पलीकडे.

२०२५च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली तेव्हा आरोग्याची चर्चा झाली ती मुख्यतः फुप्फुसांच्या आजारांची. तो धोका खराच आहे, पण या किड्यांबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

आता तुमचं. नवऱ्याला काही होत नाही याने काहीच सिद्ध होत नाही. ढेकूण एकाच गादीवरच्या दोघांनाही चावतात, एकाच्या अंगावर फोड येतात, दुसऱ्याच्या अंगावर खूणही उमटत नाही. कधी कधी खूण उमटायला काही दिवस जातात, त्यामुळे 'काल रात्रीच चावलं' हा हिशेबही चुकतो. झुरळांचं जेल लावून गेले असतील तर त्याला पेस्ट कंट्रोल झालं म्हणू नका. गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, भिंतीवरच्या तसबिरीची मागची बाजू टॉर्च घेऊन बघा. शाईचे थेंब सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ढेकूण. घोट्याभोवती आणि पायांच्या खालच्या भागावरच चावे असतील आणि घरात मांजर येत असेल तर पिसवा. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला खाज असेल तर खरूज, आणि ती सहसा घरातल्या बाकीच्यांनाही लागते. आईच्या बेचक्या स्वच्छ होत्या. हे मी दादाला तेव्हाही दाखवलं होतं.

कबुतरं असतील तर रात्री चादरीवर आणि खिडकीच्या चौकटीवर पारदर्शक सेलोटेप दाबा, पांढऱ्या कागदावर चिकटवा, मोबाइलने मोठं करून फोटो काढा. डॉक्टरांना डबी देऊ नका, हा फोटो दाखवा. घरटं काढताना आधी पाणी मारून ओलं करा आणि तोंडाला मास्क लावा, सुकी विष्ठा झाडली की तिची धूळ छातीत जाते. आणि भोक आधी आतून बुजवा, मग घरटं काढा. उलट केलंत तर सगळे आत येतील. युनिटसाठी बाहेर लटकायचं काम माणूस बोलावूनच करून घ्या. आम्ही भोक बुजवलं, घरटं काढलं, जाळी लावली, चादरी उकळत्या पाण्यात टाकल्या. दहाबारा दिवसांत आईची मान स्वच्छ झाली. हे किडे माणसाच्या अंगावर वंश वाढवू शकत नाहीत, त्यामुळे मूळ तुटलं की संपतात.

एक कबूल करते. किडे नसताना चावल्याचा भास होणं हा आजार खराच आहे आणि त्यावर उपचारही आहेत. सगळं शोधून काहीच सापडलं नाही तर तिकडे जायला लाजू नका. काही औषधांनीही अंगाला खाज येते, तुम्ही काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. पण हा शेवटचा दरवाजा आहे, पहिला नाही.

दादा आजही म्हणतो, आईला खरूजच होती, मलमाने उशिरा बरी झाली. मलम नवरात्रात लावलं, चावे दिवाळीपर्यंत होते, आणि घरटं निघालं तेव्हा थांबले. दादा, तू हे वाचत असशील तर आईची डबी मी अजून ठेवलीये, येशील तेव्हा भिंग घेऊन ये.

आणि ताई, तुमची उशी कुठल्या भिंतीला आहे आणि त्या भिंतीच्या बाहेर काय आहे, तेवढं बघून खाली लिहा.