घोरत होता म्हणून झोपू दिलं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकटा भाऊ तीन आठवड्यांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय. परवा रात्री अकराला बाहेरून आला, पलंगावर पडला, हाक मारली तर नुसतं हूं. मग रात्रभर 'कधी नव्हे असा' घोरत होता, ओठ काळपट वाटले. आई म्हणाली, झोपू दे, सकाळी बोलू. सकाळी उठला, चहा प्यायला. आता तुम्ही विचारताय की तो ओव्हरडोस होता का, पुन्हा झालं तर काय करायचं, आणि पोलिसांचं लचांड मागे लागेल का.

परवा नेमकं काय झालं ते इथे बसून सांगता येणार नाही. पण मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात मी सव्वीस वर्षं परिचारिका होते, त्यातली चौदा कॅज्युअल्टीत. तिथे कोणी हेच वर्णन सांगत आलं असतं, तर केसपेपर निघायची वाट न बघता मी आधी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) उचलली असती. 'घोरत होता म्हणून झोपू दिलं' हे वाक्य मी नातेवाइकांकडून फार वेळा ऐकलंय, आणि बहुतेक वेळा सकाळी. तुमचा भाऊ उठला, हे नशीब.

गर्द (म्हणजे हेरॉइन), मॉर्फीन, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल ही सगळी अफूच्या कुळातली. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदू आपल्याला श्वास घ्यायला भाग पाडतो, आणि ही औषधं तीच ढकलणी बोथट करतात. म्हणून बुडणाऱ्या माणसासारखी धडपड इथे दिसत नाही. माणूस शांत पडलेला असतो आणि श्वास विरळ होत जातात. जीभ सैल होऊन मागे पडते, हवा अडखळत आत जाते, त्याचा तो आवाज. नेहमीच्या घोरण्याला एक लय असते. हे ओलसर, खोल, मध्येच थांबणारं असतं. आपल्याकडे 'घरघर लागली' म्हणतात ना, तिच्याच जातीचं.

तेव्हा पुन्हा असं दिसलं तर अंदाज बांधत बसू नका, हलवून बघा. मोठ्याने नावाने हाक मारा, खांदे हलवा. तरी उठला नाही तर मूठ वळून बोटांच्या सांध्यांनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासा. झोपलेला माणूस यावर शिवी घालून उठतो. उठला नाही, तर छातीकडे बघून श्वास मोजा. मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण बारा ते वीस होतात. दहाच्या खाली, किंवा दोन श्वासांत तुम्हालाच धास्ती वाटेल एवढं अंतर, म्हणजे आणीबाणी. आपल्या सावळ्या कातडीवर निळेपणा पटकन दिसत नाही, म्हणून खालचा ओठ उलटून आतून बघा, हिरड्या आणि नखं बघा. राखेसारखा करडा रंग दिसला तर तोच तो निळा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, पण त्यांच्यावर सगळं सोपवू नका. दुसरं काही मिसळलेलं असेल, किंवा मेंदूला फार वेळ प्राणवायू मिळाला नसेल, तर त्या मोठ्याही दिसतात. (गावाकडच्यांसाठी: फवारणीच्या औषधाच्या विषबाधेतही बाहुल्या अशाच बारीक होतात. पण तिथे लाळ, घाम, उलट्या-जुलाब आणि औषधाचा उग्र वास असतो. तिथे उघड्या तोंडाने श्वास देऊ नका, विष तुमच्याही अंगात जाईल.)

फोन १०८ ला, नाही लागला तर ११२. पहिलं वाक्य हेच: 'माणूस बेशुद्ध आहे, श्वास नीट चालत नाही.' व्यसनाची कहाणी नंतर. फोन स्पीकरवर ठेवा, जवळची खूण सांगा, आणि घरातल्या कोणालातरी खाली रस्त्यावर उभं करा. आमच्याकडे येणाऱ्यांची कितीतरी मिनिटं बिल्डिंग शोधण्यात गेलेली असायची.

फोन चालू असतानाच त्याला उताणा करा, कपाळ मागे आणि हनुवटी वर. कित्येकदा एवढ्यानेच घरघर थांबते आणि हवा मोकळी जाते. तरी श्वास फार विरळ असतील तर नाक चिमटीत धरून, तोंडाला तोंड लावून दर पाच-सहा सेकंदांनी एक श्वास द्या, छाती वर उचलली जाईल इतकाच. अफूच्या नशेत माणूस श्वासावाचून जातो, हृदय त्यानंतर बंद पडतं. म्हणून हा तुमचा श्वास म्हणजेच औषध. श्वास अजिबात नसेल, किंवा माशासारखी अधूनमधून आचके देणारी उघडझाप असेल आणि अंगात कसलीच हालचाल नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल, दर तीस दाबांनंतर दोन श्वास. श्वास ठीक चालत असेल पण शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवा, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल. आणि तिथून हलू नका.

आता आपले घरगुती उपाय. मिठाचं पाणी, ताक, लिंबू, कडक कॉफी, घशात बोटं, थंड पाण्याची बादली, नाकाला कांदा किंवा चप्पल. यातलं काहीही नको. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी पोटात जात नाही, फुफ्फुसात जातं. एका पोराला घरच्यांनी तांब्याभर मीठपाणी पाजून आणलं होतं. नशेतून तो वाचला, पण न्यूमोनियाने तीन आठवडे आमच्याकडे पडून होता.

रुग्णालयात नॅलोक्सोन देतात. ते अफूच्या कुळातल्या औषधाला मेंदूतल्या त्याच्या जागेवरून हुसकावतं, शिरेतून दिलं तर एक-दोन मिनिटांत माणूस डोळे उघडतो. ओव्हरडोस समोर घडू शकतो अशा घरच्यांच्या हातीही ते असावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०१४ पासून सांगतेय. आपल्याकडे मिळतं ते मुख्यतः इंजेक्शन, तेही चिठ्ठीवर. भावाच्या मानसोपचारतज्ज्ञांना याबद्दल स्पष्ट विचारा. बुप्रेनॉर्फिनच्या गोळ्यांवर (अफूच्या व्यसनाची ओढ आवरणाऱ्या) त्याला ठेवता येईल का, हेही त्याच भेटीत.

नॅलोक्सोनची खोच मात्र ध्यानात ठेवा. त्याचा असर अर्धा ते दीड तास टिकतो, गर्दचा त्याहून जास्त. माणूस जागा होतो तो टर्कीतच, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासात: अंग दुखतंय, मळमळतंय, आणि नशा उतरवली म्हणून आमच्यावरच डाफरतोय. मग 'मला काही झालेलं नाही' म्हणत डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध जातोय असं) लिहून निघायला बघतो. असा एक मुलगा मित्रांनी रिक्षात घालून नेला, सव्वा तासाने त्याच रिक्षातून परत आणला, पुन्हा निळा. म्हणून जागा झाला तरी निदान काही तास रुग्णालयातच थांबवा. भांडण झालं तर होऊ दे.

आणि आता तुमच्या भावाबद्दलची खरी गोष्ट. व्यसनात असताना शरीर मोठ्या डोसला सरावलेलं असतं. केंद्रात काही आठवडे बंद राहिलं की हा सराव उतरतो, डोक्यातला आकडा मात्र जुनाच राहतो. पूर्वी जेवढ्याने जेमतेम टर्की थांबायची, तेवढंच आता श्वास थांबवायला पुरतं. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे, आणि तुमचा भाऊ नेमका तिथेच उभा आहे. हे त्याला सांगायला हवं, आणि रागाने नको. 'पुन्हा घेतलंस तर घरात पाऊल ठेवायचं नाही' म्हटलं की पोरं घ्यायची थांबत नाहीत, संडासाची कडी लावून घेतात. दार फोडून आणलेले मी पुष्कळ पाहिलेत. कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवून घ्या.

बाकी नशांचं थोडक्यात. दारूवर अल्प्राझोलामसारख्या गोळ्या, मालेगावकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात ती, यातही श्वास असाच मंदावतो. नॅलोक्सोन तिथे लागू पडत नाही, पण हवेची वाट मोकळी ठेवणं आणि श्वास देणं तेच. एमडीचं (मेफेड्रोन, उत्तेजक नशा) उलटं: अंग तापलेलं, घामाघूम, छातीत दुखणं, भ्रम, झटके. पालथं दाबून धरू नका, थंड फडक्याने पुसा आणि लगेच न्या. पॅरासिटामॉल फसवं. खूप गोळ्या पोटात गेल्या तरी पहिला दिवस माणूस ठणठणीत दिसतो आणि यकृत आतून जळत असतं. त्यावर उतारा आहे, आठ तासांच्या आत सुरू झाला तर सर्वांत चांगला. 'बरा दिसतोय' म्हणून थांबू नका. काय घेतलं ते कळत नसेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास असतं: १८०० ११६ ११७. आणि जीव द्यायच्या इराद्याने घेतलंय अशी शंका आली, तर त्याला विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. टेलि-मानसचा नंबर १४४१६.

पोलिसांचं. एमएलसी होईल, म्हणजे रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल. हे लपवत नाही. पण 'पोलीस केस आहे' म्हणून उपचार अडवता येत नाहीत, परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ते स्पष्ट केलंय. अमली पदार्थ कायद्याच्या कलम २७ खाली सेवन हा गुन्हा आहे, तसं कलम ६४-अ खाली स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षणही आहे. अपघातातल्या मदतनीसाला मोटार वाहन कायदा जसा सांभाळतो, तसा ओव्हरडोसमध्ये मदत करणाऱ्यासाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही, ही खंत आहेच. तरीही डॉक्टरांशी खोटं बोलू नका. 'काहीतरी खाण्यात आलं असेल' ऐकत आम्ही दहा मिनिटं साखर आणि इसीजी बघत बसायचो, आणि बाहेर उभ्या मित्राला सगळं ठाऊक असायचं. पाकीट, पट्टी, बाटली, जे सापडेल ते सोबत आणा.

आज रात्री आईला शेजारी बसवून तुमचेच श्वास मोजायला लावा. एक मिनिट, घड्याळ समोर ठेवून.