बारावी विज्ञानाच्या वर्षात अभियांत्रिकी प्रवेशाची तयारी कधी आणि कशी सुरू करावी?

तुम्ही राज्य मंडळाच्या बारावी विज्ञान शाखेत आहात, अभियांत्रिकीला जायचे नक्की केले आहे, आणि प्रवेशाच्या तयारीला आत्ताच लागावे की सीईटी, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, झाल्यावर लागले तरी चालेल, असे तुम्ही विचारले आहे. मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवते आणि निकालानंतर प्रवेशाचे अर्ज भरायला येणाऱ्या मुलांबरोबर बसते. माझे उत्तर असे आहे की अभ्यासाची तयारी तुम्ही करतच असाल, पण कागदपत्रांची तयारी आज सुरू करा. वर्षभर मन लावून अभ्यास केलेली, चांगले पर्सेंटाइल मिळवलेली मुले एका प्रमाणपत्रासाठी मिळू शकणारी जागा गमावताना मी पाहिली आहेत, आणि ते प्रमाणपत्र दिवाळीच्या आसपास अर्ज केला असता तर हातात आले असते.

तुम्ही तुमचा प्रवर्ग लिहिलेला नाही. तुम्ही राखीव प्रवर्गातले असाल तर सर्वांत आधी जात पडताळणीकडे वळा. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला तहसील किंवा प्रांत कार्यालयातून मिळतो; दुसरे पडताळणी समिती देते, आणि राखीव जागेवरचा प्रवेश टिकवण्यासाठी दुसरेच लागते. ते ठरलेल्या मुदतीत सादर झाले नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो. समितीकडचा अर्ज महाविद्यालयाच्या शिफारशीने जातो, म्हणून प्राचार्यांच्या कार्यालयात या आठवड्यातच चौकशी करा.

या अर्जाला वेळ का लागतो, ते समजून घेतले तर घाई का करायची हे आपोआप कळेल. वडिलांकडच्या रक्तनात्यातील पूर्वजांची जात आणि महाराष्ट्रातील वास्तव्य एका ठरावीक तारखेच्या आधीपासून असल्याचा पुरावा तुम्हाला द्यावा लागतो. ती तारीख अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. म्हणजे बहुतेक घरांत शोध आजोबांपर्यंत किंवा पणजोबांपर्यंत जातो. आजोबा ज्या शाळेत शिकले तिथल्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा हा सर्वांत उपयोगी पुरावा ठरतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे कोतवाल बुक, तहसील कार्यालयात पाहाव्या लागतात. जुन्या नोंदी कधीकधी मोडी लिपीत असतात आणि त्यांचे लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावे लागते. माझ्या मुलीच्या वेळी तिच्या आजोबांचा उतारा सहज मिळाला, पण त्यात आडनावच वेगळे होते, कारण शाळेत नाव घालताना गावावरून पडलेले आडनाव लिहिले गेले होते आणि पुढे घराण्याने मूळ आडनाव लावले. दोन्ही आडनावे एकाच घराण्याची आहेत हे वंशावळीच्या शपथपत्राने आणि जमिनीच्या जुन्या कागदांनी दाखवेपर्यंत चार महिने गेले. आम्ही ऑगस्टमध्ये सुरुवात केली होती म्हणून ते चार महिने आम्हाला परवडले. तुमच्या सख्ख्या काकांकडे, आत्याकडे किंवा चुलत भावंडांकडे आधीच वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत जरूर जोडा, कारण त्याने काम पुष्कळ सोपे होते.

मात्र सगळेच कागद लवकर काढून ठेवायचे नसतात, आणि नेमके इथे हुशार पालकही चुकतात. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, म्हणजे इतर मागास वर्गासारख्या प्रवर्गांतले कुटुंब उन्नत (सधन) गटात मोडत नसल्याचा दाखला, ज्या वर्षाचा प्रवेश आहे त्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत वैध लागते. उदाहरणार्थ २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ते ३१ मार्च २०२७ पर्यंत चालणारे हवे. बारावीच्या दिवाळीत काढलेल्या प्रमाणपत्रावर त्याआधीचीच मुदत असेल तर अर्जाच्या वेळी ते निरुपयोगी ठरते, म्हणून हातात पडताच त्यावरची शेवटची तारीख वाचा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र आणि शिष्यवृत्तीसाठीचा उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतर, नव्या आर्थिक वर्षात काढलेला बरा. याउलट वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र एकदाच काढायचे असते आणि ते आत्ता काढून ठेवता येते.

नावाकडेही लक्ष द्या. दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड, जातीचा दाखला आणि बँकेचे खाते यांत तुमचे व वडिलांचे नाव सारख्याच शब्दांत आहे का, ते एकदा सगळे कागद समोर पसरून तपासा. एका ठिकाणी पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर, किंवा एका ठिकाणी ‘राव’ लावलेले आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून अर्ज त्रुटीत निघतो. बँक खाते आधारशी जोडलेले असू द्या, कारण महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरून मंजूर झालेली शिष्यवृत्ती त्याच खात्यात येते. तुम्ही मुलगी असाल तर आणखी एक गोष्ट घरी आवर्जून सांगा: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या इतर मागास वर्ग, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे राज्यभर एकत्र, फेऱ्याफेऱ्यांनी होणाऱ्या प्रवेशातून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. खर्चाच्या भीतीने मुलीला जवळच्या कोणत्याही पदवीला घालणारी घरे मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

अभ्यासाबद्दल थोडक्यात लिहिते. सीईटीच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात २०० गुण असतात, त्यांपैकी निम्मे एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि अकरावीच्या अभ्यासक्रमावर सुमारे २० टक्के प्रश्न येतात, त्यामुळे अकरावीची पुस्तके रद्दीत देऊ नका. गुणवत्ता यादी सीईटीवर लागते म्हणून बोर्डाची परीक्षा सोडून द्यायची, हा सल्ला ऐकू नका: संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि महाराष्ट्रातील राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतातच, आणि प्रात्यक्षिकांकडे पाठ फिरवलेल्या मुलांना तेवढेही जड जातात.

राहिला महाविद्यालयांचा पसंतीक्रम. तो निकालानंतर चार दिवसांत घाईने लावण्यापेक्षा आत्ताच, महिन्यातून एखादा तास काढून, गेल्या दोन-तीन वर्षांचे कट-ऑफ, म्हणजे कोणत्या जागेवरचा शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला ते आकडे, वाचायची सवय लावा. सीईटी कक्ष ते फेरीनिहाय प्रसिद्ध करतो. त्यातले संक्षेप सुरुवातीला कोडे वाटतात, पण सुरुवातीचे ‘जी’ म्हणजे मुलगे-मुली दोघांसाठीची सर्वसाधारण जागा, ‘एल’ म्हणजे महिलांसाठीची जागा, आणि शेवटचे अक्षर ‘एच’ असेल तर स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्राची, ‘ओ’ असेल तर बाहेरच्यांसाठीची आणि ‘एस’ असेल तर राज्यस्तरीय जागा, एवढे कळले की तक्ता वाचता येतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळालेले उमेदवार शंभरात किती, हे त्यातून कळते; हेही घरी समजावून सांगा. क्रम लावताना जे महाविद्यालय आणि जी शाखा तुम्हाला मनापासून हवी आहे तीच सर्वांत वर ठेवा, मग ती आवाक्याबाहेर वाटली तरी चालेल. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क कमी होत नाही. परंतु पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो स्वीकारावाच लागतो, पुढच्या फेऱ्यांत बसता येत नाही. म्हणून शेजारच्या मुलाने भरले, क्लासच्या सरांनी सुचवले, अशा कारणाने तिथे काहीही लिहू नका. बाकी फेऱ्यांचे नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

तुमचा प्रवर्ग आणि आजोबा कोणत्या जिल्ह्यात शिकले, एवढे प्रतिक्रियेत लिहिलेत, तर कोणता पुरावा आधी शोधावा ते मी सांगू शकेन.