जळगाव-धुळ्याच्या मुलांकडून दवाखान्याची डिजिटल नोंदप्रणाली करून घेता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: तालुक्याच्या गावी मध्यम आकाराचा दवाखाना आहे, केसपेपर आणि रजिस्टरं संगणकावर आणायची आहेत. हे काम पुण्या-मुंबईच्या कंपनीला द्यावं, की इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेल्या मुलामुलींना?

इथल्या मुलांना द्या. फक्त त्यांच्याकडून सगळं शून्यापासून लिहून घेऊ नका. मी जळगावात राहून दवाखान्यांची सॉफ्टवेअर बसवायचं आणि सांभाळायचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्थानिक मुलं घ्यायची ती पगार कमी लागतो म्हणून, असं बहुतेक संचालकांच्या डोक्यात असतं. खरं कारण केसपेपरच्या खिडकीवर कळतं. शहादा किंवा अक्कलकुव्याकडच्या एखाद्या दवाखान्यात बाजाराच्या दिवशी सकाळी त्या खिडकीशेजारी तासभर उभे राहा. पाडवी, वळवी, वसावे, पावरा, तडवी अशी मोजकी आडनावं, आणि एकेका गावात तेच नाव, तेच आडनाव असलेली कितीतरी माणसं. इंग्रजीत लिहिताना कुणी 'व्ही' लावतं, कुणी 'डब्ल्यू'. जन्मतारीख विचारली की १ जानेवारी नाहीतर १ जून, कारण खरी तारीख कुणी लिहून ठेवलेलीच नसते. मोबाईल नंबर मुलाचा, नाहीतर शेजाऱ्याचा.

बाहेरून आलेलं तयार सॉफ्टवेअर बहुधा नाव, जन्मतारीख आणि मोबाईल या तीन गोष्टींवर माणूस ओळखतं. इथे तिन्ही फसतात. मग एकाच बाईच्या तीन नोंदी तयार होतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे दोन बायकांचे रिपोर्ट एकाच नोंदीत जाऊन बसतात. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत. त्यातल्या एखाद्या गरोदर बाईचा रिपोर्ट दुसरीच्या नावावर गेला तर काय होईल, हे डॉक्टरांना सांगायला नको. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. पण आधार आलं म्हणून ही अडचण सुटली असं नाही. कार्ड घरी राहतं, पोर तापाने फणफणलेलं असतं, आणि नोंद तर आत्ताच करायची असते.

आमच्यासोबत काम करणारी एक मुलगी याच भागातली आहे. तिने नवीन नोंदीच्या पडद्यावर पाड्याचं नाव टाकायची जागा केली. विवाहित बाईसाठी नवऱ्याच्या नावाबरोबर वडिलांचं नाव आणि माहेरचं गाव ठेवलं. जन्मतारखेच्या जागी 'अंदाजे वय' लिहायची सोय दिली, आणि उच्चार जुळणारी जुनी नावं पाड्यासकट दाखवल्याशिवाय नवीन नोंद उघडतच नाही असं केलं. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. आरोग्य माहितीच्या देवाणघेवाणीचं जे एफएचआयआर नावाचं मानक आहे, त्यात जन्मतारखेच्या जागी नुसतं वर्षही चालतं. पण काय विचारायचं हे तिला ठाऊक होतं, आणि खिडकीवरच्या बाबूंनी तक्रार केली की ती एसटीने तिथे जाऊन बसायची. दुरुस्ती त्याच आठवड्यात व्हायची. हे तुम्हाला हिंजवडीहून मिळणार नाही.

आता शून्यापासून का नको. औषधं, लॅब, बिलिंग, कुणाला काय दिसावं याचे हक्क, कोणी कधी काय बदललं याची नोंद, हे सगळं नीट उभं करायला वर्षं जातात. ओपनएमआरएस हे रुग्णनोंदींचं मुक्त सॉफ्टवेअर २००४ पासून वाढतंय. त्याच्यावर उभी असलेली बहमनी ही प्रणाली छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयाच्या गरजेतून आकाराला आली, म्हणजे तिचा जन्मच आपल्यासारख्या दवाखान्यातला. मुलांना हा पाया द्या आणि वरचे फॉर्म, मराठी पडदे, छापील केसपेपर यांवर त्यांची मेहनत लागू द्या. निदानासाठी स्वतःच्या याद्या बनवू नका. स्नोमेड सीटी ही आजार-तपासण्यांना ठरावीक कोड देणारी आंतरराष्ट्रीय संज्ञावली भारतात विनाशुल्क वापरता येते. सिस्टर मराठीत शोधतील, आत मात्र सगळीकडे चालणारा कोड साठेल. रुग्ण खिडकीत 'डोकं दुखी ऱ्हायनं' म्हणाला तरी इथल्या मुलाला ते कुठे बसवायचं हे विचारावं लागत नाही.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन, म्हणजे आरोग्य नोंदी एकमेकींशी जोडायचा केंद्र सरकारचा उपक्रम, त्याच्याशी जोडणी पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. २७ सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर सुरू आहे. रुग्णाचा १४ अंकी आभा क्रमांक (म्हणजे आरोग्य खात्याचा क्रमांक), दवाखान्यांची नोंदवही, डॉक्टरांची नोंदवही, आणि रुग्णाच्या संमतीने कागदपत्रं एकीकडून दुसरीकडे जाण्याची सोय, असा त्याचा सांगाडा आहे. जोडणीची चाचणी करायला सँडबॉक्स, म्हणजे खऱ्या रुग्णांच्या नोंदींना धक्का न लावता सराव करायची जागा, आहे आणि टप्पे ठरलेले आहेत: आधी आभा काढणं-तपासणं, मग आपल्याकडच्या नोंदी जोडून देणं, मग दुसरीकडच्या पाहणं. मानकांचं मार्गदर्शन करणारं राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेतच आहे. शिकलेली दोन-तीन मुलं चिकाटीने हे करू शकतात. आभा ऐच्छिक आहे, एवढं मात्र खिडकीवरच्या माणसाला बजावून सांगा.

खान्देशाला या जोडणीची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. सिकलसेलचं पोर बारडोलीकडच्या फडावर आजारी पडलं तर तिथल्या डॉक्टरांपुढे कोरी पाटी. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. तपासणी झाली पण निकाल माणसासोबत गेला नाही, तर त्या पोराला तिचा काय उपयोग?

वीज आणि नेट यांचं थोडक्यात: मुख्य सर्व्हर दवाखान्यातच ठेवा, इन्व्हर्टरवर. नेट आलं की बॅकअप बाहेर जाईल. नेट गेलं म्हणून ओपीडी थांबता कामा नये. तोरणमाळच्या बाजूला फिरणाऱ्या आशाताईंसाठी मोबाईलवर ऑफलाइन नोंद आणि नंतर जुळवणी हाच मार्ग आहे.

मला खरी काळजी वाटते ती माणसं टिकण्याची. बांभोरी, शिरपूर, धुळे, जळगावची कॉलेजं दर वर्षी मुलं तयार करतात आणि ती पुण्याची गाडी पकडतात. त्यांना अडवायचं तर सहा महिन्यांचा 'प्रोजेक्ट' देऊन चालणार नाही. शक्य असेल तर शेजारचे चार-पाच दवाखाने एकत्र या, एकच छोटी टीम ठेवा आणि तिचा पगार देखभालीच्या मासिक वर्गणीतून काढा. एकट्या दवाखान्याला तो झेपत नाही, आणि एकाच मुलावर सगळं अवलंबून ठेवलं तर तो गेल्यावर तुम्ही अडकता. म्हणून कामाची टिपणं मराठीत लिहून घ्या आणि दर वेळी दोघांना एक काम माहीत असेल असं बघा.

कायद्याची बाजू वकिलाकडून एकदा तपासून घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत उपलब्ध हवी, असंही त्यात आहे. त्या यादीत मराठी आहे, अहिराणी, भिली, पावरी नाहीत. तेव्हा संमतीचा कागद पुढे सरकवून अंगठा घेणं पुरेसं मानू नका. त्यांच्या बोलीत तोंडी समजावणारं कुणीतरी खिडकीवर हवंच.

सुरुवात नोंदणी, ओपीडी आणि लॅब या तिघांपासून करा. आयपीडी (भरती रुग्ण) आणि बिलिंग नंतर. काही काळ कागदी रजिस्टर सोबत चालू द्या, सिस्टरांचा विश्वास बसला की तेच मागे पडेल. आणि काम कुणालाही द्या, करारात एक कलम घालाच: सगळा डेटा मागितल्यावर, वाचता येईल अशा स्वरूपात, दवाखान्याला मिळेल. आमच्या भागातला एक दवाखाना जुन्या विक्रेत्याशी बिनसल्यावर कित्येक वर्षांच्या नोंदींना मुकला. रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यायची जबाबदारी डॉक्टरांवर असते, आणि त्या दवाखान्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. करार करायच्या आधी हे कलम तुमच्या संचालक मंडळापुढे ठेवा.