परिवीक्षेचा भंग झाला, तर आधी बंधपत्र वाच

तू नुकतीच सरकारी बाजूने उभी राहायला लागलीस, म्हणून सांगते. परिवीक्षा म्हणजे दोषीला तुरुंगात न पाठवता, चांगल्या वर्तनाच्या अटींवर सोडणं. बलात्काराच्या दोषीला ती मिळत नाही. जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं कलम ४ लागूच होत नाही. विनयभंगाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये परिवीक्षा नाकारली होती. तरी पाठलागासारख्या प्रकरणात एखादा दोषी बंधपत्रावर, म्हणजे अटी पाळण्याच्या लेखी हमीवर सुटतो, जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी. आणि मग तो पीडित मुलीच्या बसथांब्यावर पुन्हा उभा दिसतो.

अशा वेळी त्याच कायद्याचं कलम ९ उघड. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या, म्हणजे अशा दोषींवर देखरेख ठेवणाऱ्याच्या, अहवालावरून ‘किंवा अन्यथा’ बंधपत्राची अट मोडली असं मानायला न्यायालयाला कारण दिसलं, तर वॉरंट किंवा समन्स निघतं. हे ‘अन्यथा’ फार मोलाचं आहे. अहवाल येईपर्यंत थांबू नकोस. माझ्याकडे एक मुलगी वहीचं पान घेऊन आली होती: तारीख, वेळ, बसचा नंबर, सगळं पेन्सिलीने. त्या पानावरून मी अर्ज लिहिला.

पण अटीचे शब्द नीट बघ. ‘संपर्क करू नये’ एवढंच लिहिलं असेल, तर नुसतं उभं राहणं भंग ठरवताना तुझी दमछाक होईल. अट बदलून घ्यायची असेल, तर कलम ८ खाली परिवीक्षा अधिकाऱ्याला अर्ज करायला सांग.

सुनावणीनंतर न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. पहिलाच भंग असेल, तर ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवण्याचाही पर्याय आहे. हो, पन्नासच! मला त्याचा आजही संताप येतो. म्हणून पहिल्याच तारखेला त्या मुलीवर काय गुदरलं ते पुराव्यानिशी मांड.